तरंगती वीट, साखरेचा पॅन आणि खव्याची कढई



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका मित्राचा फोन आला. म्हणाला, "पेटंटचा इतिहास, आणि तोही धाराशिवात बसून? आपल्याकडं कुणी कधी पेटंट घेतलंय का?" प्रश्न खोचक होता, पण रास्त होता. मी त्याला म्हटलं, मी तीन गावांवर बोलणार आहे. तेर, ढोकी आणि कुंथलगिरी. तेरची वीट, ढोकीची साखर आणि कुंथलगिरीचा खवा. तिन्ही ठिकाणी माणसानं एकच काम केलंय बघा: आग लावली आणि कशातून तरी काहीतरी उडवून लावलं. तेवढ्या एका कामाभोवती जगात ढिगानं पेटंटं निघाली. आपली तीन गावं त्या कथेत कुठं बसतात, एवढंच आज पाहू.

आधी शब्दाचं बघू. पेटंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं कुलूप येतं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बरोबर उलटा आहे. राजाची काही पत्रं मोहर लावून बंद असायची आणि काही उघडी असायची, कुणीही वाचावीत म्हणून. त्या उघड्या पत्राला 'पेटंट' म्हणत. व्हेनिसनं १४७४ मध्ये असा कायदा केला, इंग्लंडनं १६२४ मध्ये. इंग्लंडनं मुदत ठेवली चौदा वर्षं. चौदाच का? त्या काळी कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करायची म्हणजे सात वर्षं. अशा दोन पिढ्या शिकून बाहेर पडल्या की ज्ञान पसरलं असं धरायचं. म्हणजे व्यवहार असा: तू तुझी युक्ती नीट लिहून दे, काही वर्षं फक्त तूच वापर, मग ती सगळ्यांची. यातला 'फक्त तूच वापर' हा भाग सगळ्यांना माहीत असतो. 'लिहून दे' हा भाग आपण विसरतो, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे.

आता तेरला जाऊ.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात, 'पेरिप्लस' नावाच्या, या गावाचं नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि इथून कापड गाड्यांत घालून अवघड वाटांनी भडोचच्या बंदराला जातं, असं त्यात म्हटलंय. तेरच्या लामतुरे संग्रहालयात तो काळ अजून हाताच्या अंतरावर दिसतो. आणि गावात त्रिविक्रमाचं मंदिर आहे, विटांचं, मागची बाजू अर्धगोल. आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या उभ्या वास्तूंमध्ये त्याची गणना होते.

पण आज आपल्याला मंदिराची नाही, विटेची गोष्ट करायचीय. तेरच्या जुन्या विटांमध्ये काही विटा अशा आहेत की पाण्यात टाकल्या तर तरंगतात. साधी भाजलेली वीट पाण्याच्या दीडपटीहून जड असते. ती तरंगायची तर तिच्या आत निम्म्याहून जास्त हवा पाहिजे. ती हवा आणायची कशी? माती मळताना त्यात भाताचं तूस किंवा तसलं काही मिसळायचं. भट्टीत तूस जळून जातं, त्याची जागा रिकामी राहते, आणि वीट जाळीदार होते. तत्त्व एवढं सोपं आहे. पण करून बघा. तूस जास्त झालं की वीट हातात चुरते, कमी झालं की बुडते. आच जास्त झाली की माती वितळून भोकं बुजतात. कोणती माती, किती तूस, किती दिवसांची भट्टी, हे सगळं तेरच्या कुणाच्या तरी हाताला ठाऊक होतं.

आणि हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस यानं स्पेनमधल्या आणि आशिया मायनरमधल्या तरंगत्या विटांची नोंद केलीय. तेलंगणात पालमपेटला रामप्पा मंदिराचं शिखर अशाच हलक्या विटांचं आहे. १७९१ मध्ये फाब्रोनी नावाच्या इटालियन माणसानं विट्रुव्हियसचं वाचून तशी वीट पुन्हा करून दाखवली. लक्षात घ्या, वाचून. तिकडं एक वाक्य का होईना, लिहिलेलं होतं. आपल्या तेरच्या वीटवाल्यानं काही लिहिलं नाही, किंवा लिहिलं असेल तर आपल्यापर्यंत आलं नाही. त्यामुळं ती वीट संग्रहालयात आहे, पण ती करण्याची रीत कुठंच नाही.

तेर म्हटलं की गोरोबाकाका आठवणारच. संतांच्या मेळ्यात थापटणं हातात घेऊन कुणाचं मडकं कच्चं आणि कुणाचं पक्कं, हे डोक्यावर टिचकी मारून सांगणारा कुंभार. भाविकांनी त्या कथेचा अर्थ त्यांच्या परीनं घ्यावा. मला त्यात कारागिराची तपासणीची पद्धत दिसते. आवाजावरून भाजणी ओळखणं. आता ते ज्ञान कागदावर कसं उतरवणार, सांगा? पेटंटचा कायदा कितीही चांगला असला तरी त्याला ही अडचण आहे आणि ती आपण पुढं खव्यापाशी पुन्हा पाहणार आहोत.

१९२४ मध्ये स्वीडनमध्ये योहान आक्सेल एरिक्सन या वास्तुविशारदानं हलक्या काँक्रीटचं पेटंट घेतलं. चुना, सिलिकायुक्त पूड आणि अगदी थोडी ॲल्युमिनियमची भुकटी. भुकटीनं वायू सुटतो, मिश्रण भाकरीच्या पिठासारखं... नाही, भाकरी फुगते ती तव्यावर. इडलीच्या पिठासारखं म्हणा, फुगतं. मग दाबाखालच्या वाफेत पक्कं करायचं. आज आपल्या शहरात नवीन इमारतींना जे पांढरे-राखाडी मोठे ब्लॉक लावतात, एएसी म्हणतात त्यांना, ते हेच. त्याचा एक तुकडा पाण्यात टाका, तरंगेल. तेरपासून थोड्या अंतरावर कुणी घर बांधत असेल आणि स्वीडनमधल्या कल्पनेचा तरंगता ब्लॉक लावत असेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. एरिक्सनचं पेटंट केव्हाच संपलंय, ते जगाचं झालंय. पण ते जगाचं होऊ शकलं, कारण ते कागदावर होतं.

बरं, मग आपल्या लोकांनी पेटंट का घेतली नाहीत? इथं थोडा कायद्याचा इतिहास आणि थोडा जिल्ह्याचा इतिहास. गंमत बघा.

हिंदुस्थानातला पहिला पेटंट कायदा १८५६ चा. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग या इंजिनिअरचा. कशासाठी? पंखा ओढायच्या यंत्रासाठी! साहेबाच्या डोक्यावरचा कापडी पंखा दोरीनं ओढत बसणारा जो गडी असायचा, त्याची सुटका करणारं, किंवा त्याची नोकरी घालवणारं, यंत्र. तो कायदा राणीची आगाऊ संमती न घेता केला म्हणून वर्षभरात रद्द झाला आणि १८५९ ला पुन्हा आला.

त्या १८५६ साली आपला जिल्हा कुणाकडं होता? निजामाकडं, असं तुम्ही म्हणाल. नाही. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवचा मुलूख कंपनीच्या ताब्यात दिला होता, फौजेच्या खर्चापोटी. इथला कारभार पाहायला आला होता मेडोज टेलर, ठगांवरच्या कादंबरीमुळं प्रसिद्ध झालेला तोच. त्याचं ठाणं नळदुर्गला. पुढं १८६० मध्ये, १८५७ च्या धामधुमीत निजामानं साथ दिली म्हणून, धाराशिव आणि रायचूर परत दिले गेले. म्हणजे हिंदुस्थानात पेटंटची सुरुवात झाली तेव्हा आपण सात वर्षांपुरते कंपनीच्या कारभारात होतो, आणि कायदा स्थिरस्थावर होतोय तोवर पुन्हा निजामाकडं गेलो.

त्यानंतर १८८८ चा कायदा आला, १९११ चा आला. १९११ च्या कायद्याची हद्द ब्रिटिश हिंदुस्थान. सोलापूर त्या हद्दीत, तुळजापूर त्या हद्दीबाहेर. संस्थानांचे कायदे संस्थानांचे. सोलापूरच्या गिरणीतल्या एखाद्या हुशार मिस्त्रीनं पेटंट घ्यायचं ठरवलं असतं तर निदान दार कुठं आहे ते त्याला ठाऊक असतं. इथून साठ-सत्तर किलोमीटरवरचं ते दार आपल्यासाठी सप्टेंबर १९४८ पर्यंत परक्या मुलखात होतं.

अर्थात दार जवळ असून भागत नाही. मुंबईचे शंकर आबाजी भिसे बघा. जन्म १८६७. किराणा दुकानातली साखर, पीठ असले भुकटीचे जिन्नस आपोआप तोलून देणाऱ्या यंत्रासाठी लंडनच्या एका नियतकालिकानं स्पर्धा ठेवली, ती यांनी जिंकली. आज कारखान्यात पुड्या भरणारी यंत्रं आपण पाहतो, त्यांच्या पूर्वजांपैकी एक म्हणा हवं तर. पुढं छपाईचे टाइप ओतायच्या यंत्राची पेटंटं घेतली. पण त्यासाठी लंडनला जावं लागलं, दादाभाई नौरोजींसारख्यांचा आधार लागला, आणि भांडवलदारांच्या दारात आयुष्याची कितीतरी वर्षं गेली. मुंबईच्या शिकलेल्या माणसाची ही कथा. भूम-परांड्याच्या माणसाचं काय घेऊन बसलात.

आता ढोकी.

ढोकीचा तेरणा सहकारी साखर कारखाना, मराठवाड्यातल्या जुन्या सहकारी कारखान्यांपैकी एक. तुमच्यातल्या कितीजणांच्या घरचा ऊस तिथं गेला असेल. कुठल्याही साखर कारखान्यात तुम्ही गेलात तर तिथं 'पॅन' असतो आणि पॅनवर काम करणारा पॅनमन असतो, त्याचा रुबाब काही औरच. हा पॅन म्हणजे काय?

गुऱ्हाळात रस उघड्या काहिलीत उकळतो. आच जास्त झाली की रस करपतो, रंग काळा पडतो. गुळाला तो रंग आपण खपवून घेतो, उलट आवडीनं खातो. पण पांढरी साखर करायची तर करपलेला प्रत्येक थेंब वाया. इंग्लंडमध्ये एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्यानं १८१३ मध्ये पेटंट घेतलं: भांडं बंद करा, आतली हवा पंपानं काढून घ्या. हवेचा दाब कमी झाला की पाणी शंभर अंशांच्या खूप आधी उकळतं. रस साठ-सत्तर अंशांवर आटतो, करपत नाही. डोंगरावर डाळ शिजत नाही म्हणतात ना, तेच. तिथं जी तक्रार आहे, ती हॉवर्डनं कामाला लावली.

दुसरी पायरी अमेरिकेत. न्यू ऑर्लिन्सचा नॉर्बर्ट रिल्यू, जन्म १८०६. बाप गोरा मळेवाला, आई कृष्णवर्णीय. हा स्वतः स्वतंत्र नागरिक, पॅरिसला शिकलेला. लुइझियानात उसाचा रस आटवायचं काम गुलाम करायचे, उकळता रस मोठ्या पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतायचा, अंगावर उडायचा, माणसं भाजायची. रिल्यूनं विचार केला: पहिल्या भांड्यातल्या रसाची जी वाफ निघते ती आपण हवेत सोडतो. तीच वाफ दुसऱ्या भांड्याखाली का नको? दुसऱ्यात दाब कमी ठेवा, म्हणजे तेवढ्या उष्णतेवर तो रस उकळेल. त्याची वाफ तिसऱ्याला. १८४३ चं त्याचं पेटंट. एकदा घातलेलं जळण तीन-चार वेळा कामाला येतं. ढोकीत असो की आणखी कुठं, रस आटवायची जी भांड्यांची रांग असते ती रिल्यूची.

याला जोडून एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. रिल्यू स्वतंत्र होता म्हणून त्याला पेटंट मिळालं. १८५८ मध्ये अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनं मत दिलं की गुलामाच्या शोधाला पेटंट मिळू शकत नाही, त्याला नाही आणि त्याच्या मालकालाही नाही. कायद्याच्या दृष्टीनं त्या शोधाला जनकच नव्हता. हाताला येतं कुणाच्या आणि कागदावर नाव कुणाचं लागतं, हा प्रश्न फक्त आपल्या जातिव्यवस्थेचा नाही, हे कळावं म्हणून सांगितलं.

हॉवर्ड आणि रिल्यू या दोघांचीही पेटंटं आपल्याकडं सहकारी कारखाने उभे राहायच्या कितीतरी आधी संपलेली. सभासदांनी त्यांना एक पैसा स्वामित्वधन दिलं नाही आणि द्यायचं कारणही नव्हतं. उघडं पत्र ते हेच.

आता मुख्य मुद्दा. तोच पॅन दुधाला लावला तर?

गेल बॉर्डन या अमेरिकन माणसानं नेमकं हे केलं. १८५३ मध्ये अर्ज केला. पेटंट ऑफिसनं फेटाळला. म्हणाले, निर्वात भांड्यात आटवणं जुनंच आहे, यात नवीन काय? तो पुन्हा गेला, पुन्हा नकार. शेवटी दोन जाणकारांनी शपथेवर लिहून दिलं की दुधाच्या बाबतीत निर्वातानं खरंच फरक पडतो, तेव्हा १९ ऑगस्ट १८५६ ला पेटंट मिळालं. पुन्हा तेच साल, १८५६! पुढं अमेरिकेतल्या यादवी युद्धात सैन्यानं त्याचं डब्यातलं दूध उचललं आणि तो श्रीमंत झाला. डबासुद्धा पेटंटचाच. १८१० मध्ये पीटर ड्युरँडनं लंडनला पेटंट घेतलं, आणि अर्जात मान्य केलं की ही कल्पना एका परदेशी माणसानं आपल्याला सांगितली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये निकोला ॲपेर यानं बाटल्यांत अन्न टिकवायची रीत पुस्तक काढून सांगितली, कारण सरकारनं १२,००० फ्रँकचं बक्षीस देताना अटच घातली होती: छापून प्रसिद्ध कर. बक्षीस घ्या की पेटंट घ्या, लिहिल्याशिवाय सुटका नव्हती.

आणि आता आपली कुंथलगिरी. भूम तालुका. जैनांचं सिद्धक्षेत्र, आणि पेढा. बालाघाटाच्या या पट्ट्यात पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून म्हैस. दूध निघतं पण मोठं शहर लांब. दूध संध्याकाळपर्यंत नासतं. मग काय करायचं? आटवायचं. साधारण पाच लिटर म्हशीच्या दुधाचा एक किलो खवा. म्हणजे चार किलो वजन वाफ करून उडवलं आणि जे विकायचं तेवढंच गाडीत घातलं. बॉर्डनला जे सुचलं तेच आपल्या लोकांना सुचलं होतं, फक्त निर्वात भांड्याशिवाय.

पण त्या कढईपुढं उभं राहून बघा. भट्टीत सरपण, डोळ्यांत धूर, आणि उलथनं एक क्षण थांबवता येत नाही, थांबलं की तळाला लागलं. मी लहानपणी तो वास घेत तासन् तास बसलोय. मला तेव्हा त्यात फक्त खरवड दिसायची. ढोकीत एका जळणावर रस तीन-चारदा आटतो. त्याच जिल्ह्यात खव्याच्या भट्टीवर प्रत्येक लिटर पाण्याला वेगळं लाकूड जळतं आणि सगळी वाफ पत्र्यावाटे आभाळात. दीडशे वर्षांपूर्वी खुलं झालेलं ज्ञान ऊसापर्यंत पोचलं, दुधापर्यंत नाही. कारण सोपं आहे. कारखान्यामागं भागभांडवल होतं, सरकारची हमी होती. भट्टीमागं एक कुटुंब आहे.

मग भट्टीवाल्यांना पॅन देऊन टाकायचा? थांबा. निर्वातात आटवलेल्या दुधाचं कंडेन्स्ड मिल्क होतं, खवा होत नाही. खव्याचा दाणा, तो खमंग वास, तो फिकट तपकिरी रंग, हे सगळं उघड्या आचेनंच येतं. हॉवर्डला जे टाळायचं होतं तेच आपल्याला थोडंसं हवं असतं. ते 'थोडंसं' म्हणजे शेवटची काही मिनिटं, कढईच्या कडेनं खवा सुटायला लागतो तेव्हाची. ती हाताला कळतात. गोरोबाकाकांची टिचकीच ती. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनं सलग खवा करणारी यंत्रं बनवली, भिंतीवरून दूध खरवडत नेणारी. चांगली यंत्रं आहेत, पण मोठ्या डेअरीच्या मापाची. बरंचसं पाणी आधी कमी जळणात काढायचं आणि शेवटचा भाग कढईत करायचा, असं भट्टीच्या मापाचं काहीतरी पाहिजे. ते इंजिनिअरिंग कॉलेजात बसून होणार नाही आणि नुसत्या भट्टीवरही होणार नाही.

दुसरं, टिकणं. खव्यात तीसेक टक्के पाणी राहतं. बाहेर ठेवला तर तीन-चार दिवसांत वर बुरशी. हे फक्त आरोग्याचं प्रकरण नाही, भावाचं प्रकरण आहे. ज्याचा माल तीन दिवसांत खराब होणार तो घासाघीस करू शकत नाही. व्यापाऱ्याला ठाऊक असतं, उद्या हा स्वतःच फोन करणार आहे. बॉर्डनच्या डब्यानं अमेरिकन शेतकऱ्याच्या दुधाला थांबण्याची ताकद दिली. आपला खवा फडक्यात आणि प्लास्टिकच्या पिशवीत निघतो, त्याला थांबता येत नाही.

माझं बोलणं इथं थांबवतो. प्रश्न घेऊ.

(एका श्रोत्याने विचारले: कुंथलगिरीच्या पेढ्याचं किंवा खव्याचं पेटंट घेता येईल का?)

नाही. आणि येत नाही ते चांगलं आहे. आपल्या १९७० च्या कायद्यात कलम ३ मध्ये स्पष्ट आहे, पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाही. हळदीचं अमेरिकेतलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं ते याच न्यायानं, ही गोष्ट आधीपासून माहीत आहे हे जुन्या लिखाणातून दाखवता आलं म्हणून. बघा, तिथंही लिहिलेलंच कामाला आलं. पेढ्यासाठी रस्ता वेगळा, भौगोलिक मानांकनाचा. ते नाव राखतं, युक्ती राखत नाही. दोन्ही गोष्टी एक समजू नका, वर्तमानपत्रात बऱ्याचदा 'पेटंट मिळालं' असं छापून येतं ते मानांकन असतं.

(दुसरा प्रश्न, एका तरुणाचा: आमच्या भट्टीला मी स्वतः ढवळणी बसवलीय, मोटरवर. तिचं होईल का?)

नुसत्या मोटरवरच्या ढवळणीचं होणार नाही, त्या बाजारात आहेत. पण तुझ्या ढवळणीत काही वेगळं असेल, पातं कढईच्या गोलाईला चिकटून राहायची काही युक्ती असेल, तर होऊ शकेल. व्हिडिओ टाकलायस का कुठं? (हशा.) टाकू नकोस. अर्जाच्या आधी जाहीर झालं की नवेपण गेलं. आधी तात्पुरता अर्ज कर, त्यात यंत्राचं वर्णन आणि आकृती. मग बारा महिने मिळतात पूर्ण अर्जाला. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन दाखल करायची फी १६०० रुपये आहे, पुढं तपासणीची वेगळी. मुंबईच्या पेटंट ऑफिसला हेलपाटा घालावा लागत नाही. वर्णन तू स्वतः मराठीत लिहून काढ आधी, कुठं अडतं, कुठं लागतं, किती फेरे, सगळं. मग जाणकाराकडून इंग्रजी किंवा हिंदी करून घे, दावे मात्र त्याच्याकडूनच लिहून घे, तिथं पैसे वाचवू नकोस. आणि कार्यक्रम संपल्यावर थांब जरा, पातं कसलं आहे ते मला बघायचंय.